पटकीच्या जंतूला साडी अडवते तेव्हा

पटकीचा जीवाणू पाण्यात पोहतो तो शेपटीसारख्या एका तंतूच्या जोरावर. पण त्याची खरी चिवट ताकद दिसते ती पोहणे थांबवून तो कशाला तरी चिकटला की.

बंगालच्या उपसागराकाठच्या निमखाऱ्या पाण्यात कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव असतात, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे. जीवाणू आधी आखूड तंतूंनी त्यांचे कवच चाचपतो. ही पकड अजून सुटू शकते. जागा मानवली की तो शर्करेच्या साखळ्या आणि प्रथिने यांचा चिकट स्राव सोडतो आणि त्यातच दुभंगत, वाढत राहतो. एकाचे हजारो होतात, सगळे एकाच लगद्यात गुरफटलेले. हीच बायोफिल्म.

हा लगदा त्यांना अनेक परींनी तारतो. कवचातल्या कायटिनवर त्यांचे पोट भरते. क्लोरीनचा बराच भाग वरच्या थरातच खर्ची पडतो. आत अन्न आणि प्राणवायू कमी, म्हणून तिथले जीवाणू मंदावतात. वाढत्या पेशींवर घाव घालणारी अनेक प्रतिजैविके अशा मंद पेशींपुढे निष्प्रभ ठरतात. माणसाच्या जठरातल्या आम्लातूनही लगद्यातले जीवाणू सुट्यांपेक्षा अधिक संख्येने वाचतात. संख्या दाटली की त्यांनीच सोडलेले रासायनिक संकेतही दाटतात. मग स्राव थांबतो, थर सुटतो आणि जीवाणू पांगतात.

पण याच चिकटपणात त्यांना गाठण्याची वाट सापडली. सुटा जीवाणू दोनेक मायक्रॉनचा, तो पाणी गाळायच्या कापडातून सहज निसटतो. कोपेपॉड मात्र अडकतो, आणि त्याच्यासोबत त्याला चिकटलेले जीवाणूही. संशोधक रीटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हेरले. जुनी सुती साडी चार ते आठ पदरी केली की तिची छिद्रे सुमारे 20 मायक्रॉनची होतात. बांगलादेशातल्या मतलब भागातील 65 गावांत हा प्रयोग झाला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण 48 टक्क्यांनी कमी आढळले.

पाणी उकळणे केव्हाही श्रेष्ठच, कारण सुटे जीवाणू कापड अडवत नाही. पण पुराच्या दिवसांत सरपण नसेल, तर पाणी आधी धुवट सुती कापडाच्या अनेक पदरांतून गाळा आणि मगच त्यात क्लोरीन टाका. गाळून झाल्यावर ते कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवायला विसरू नका.