पद्मिनीला पावडर कोटिंग करावं का?

बाबांची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, रत्नागिरीला उभी आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असं आम्हा भावंडांचं ठरलंय. धाकट्याचा आग्रह, "दादा, सगळंच पावडर कोटिंग करून टाकू." कुवेतमध्ये जुन्या गाड्यांची हौस मोठी, म्हणून शुवैखच्या गॅरेजवाल्यांकडे चौकशी केली.

यात रंगाची कोरडी पावडर विद्युतभाराने धातूला चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्की करतात. थर जाड, एकसारखा बसतो. खडी उडाली तरी सहसा निघत नाही. व्हील डिस्क, ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे यांना झकास!

पण रबरी बुश, सील, बेअरिंग आधी काढायलाच हवेत. भट्टीत त्यांची वाट लागते. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकल्या नाहीत, तर जोडताना काही बसत नाही. जाड थराखाली जुनी चीरही लपते, म्हणून सस्पेन्शनचे भाग आधी तपासून घ्यावेत. उन्हात राहणाऱ्या भागांना पॉलिएस्टर पावडर बरी. इपॉक्सी उन्हाने खडूसारखी पांढरी पडते.

आणि कोकणातला पाऊस? टवका उडाला की पाणी आत शिरून गंज थराखाली पसरतो. तिथल्या तिथे नीट दुरुस्ती होत नाही. सगळं खरवडून पुन्हा भट्टी.

म्हणून चाकं, ब्रॅकेट पावडरला. बॉडीला नेहमीचाच रंग. ओरखडा दिसला की बाबा अजूनही डबी-ब्रश घेऊन बसतात. तेवढं काम त्यांच्याकडे राहू दे.