महाग म्हणजे खात्रीचं? आणीबाणीच्या वैद्यकीय साधनांविषयीचे गैरसमज

जुलै 2021 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने पाच साधनांवरच्या नफ्याला मर्यादा घातली. पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाब मोजण्याचं यंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर ही ती पाच साधनं. वितरकाला माल ज्या भावाने पडतो, त्यावर एमआरपीपर्यंत जास्तीत जास्त 70 टक्के चढवता येतील, असा तो आदेश होता. त्याआधी कंपन्यांकडून मागवलेल्या माहितीत ही चढण 3 टक्क्यांपासून थेट 709 टक्क्यांपर्यंत आढळली होती. वितरकाला शंभर रुपयांना पडलेल्या एखाद्या साधनाच्या खोक्यावर आठशे नऊ रुपये छापलेले असू शकत होते. आदेशानंतर बहुतेक ब्रँडनी किमती खाली आणल्या, आणि आतलं यंत्र होतं तेच राहिलं.

घरासाठी, सोसायटीसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या पैशातून अशी साधनं घेताना हा 709 टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे खरेदी दोन टोकांनी होते. जिवाचा प्रश्न असला की माणूस दुकानातलं सगळ्यात महाग उचलतो, आणि खरेदी समितीने करायची असली की सगळ्यात कमी दराचं कोटेशन मंजूर होतं. दोन्ही वेळा निर्णय किमतीनेच होतो. ते साधन ऐन वेळी काय करणार, हे कुणी विचारत नाही.

गैरसमज: एमआरपी जास्त, म्हणजे दर्जा चांगला

एमआरपीत जाहिरात असते, दुकानदाराचं कमिशन असतं, आणि पुढे 'सत्तर टक्के सूट' दाखवता यावी म्हणून ठेवलेली जागाही असते. दर्जाची खूण शोधायची तर खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम 2017 लागू आहेत. 1 एप्रिल 2020 पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. धोक्यानुसार त्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग पाडले आहेत. ए आणि बी वर्गासाठी ऑक्टोबर 2022 पासून, तर सी आणि डी वर्गासाठी ऑक्टोबर 2023 पासून परवाना बंधनकारक झाला. मोजमाप न करणाऱ्या आणि निर्जंतुक नसलेल्या ए वर्गाच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. ऑक्सिमीटर किंवा रक्तदाबाचं यंत्र त्या सुटीत बसत नाही, कारण मोजणं हेच त्यांचं काम. म्हणून खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा वा आयातदाराचा पूर्ण पत्ता आणि लॉट किंवा सिरियल क्रमांक असलाच पाहिजे. परवाना क्रमांक नसेल, तर किंमत कितीही असो, ते साधन घेऊ नका.

'एफडीए रजिस्टर्ड' या शब्दांना भुलू नका. अमेरिकेच्या एफडीएकडे कंपनीची नोंदणी होणं आणि तिच्या यंत्राला मंजुरी मिळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीचं प्रमाणपत्र आपण देतच नाही, असं त्या संस्थेने स्वतः स्पष्ट केलेलं आहे. तरीही गरुडाचं चित्र आणि सोनेरी किनार असलेली अशी 'प्रमाणपत्रं' विक्रेते सर्रास दाखवतात.

गैरसमज: पेन्सिल घातल्यावर आकडा आला, म्हणजे ऑक्सिमीटर बनावट

कोविडच्या काळात हे व्हिडिओ घरोघरी पोचले. ऑक्सिमीटरमध्ये पेन किंवा पेन्सिल घालायची आणि पडद्यावर 95 उमटल्याचं दाखवायचं. बनावट यंत्रं बाजारात होती आणि आजही आहेत. पण त्यांची ही परीक्षा नव्हे.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, साधारण 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित कमीजास्त होतो, आणि त्यावरून यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढतं. जपानचे ताकुओ आओयागी यांनी ही कल्पना 1970 च्या दशकात मांडली. आत बोट आहे की पेन्सिल, हे यंत्राला कळत नाही. हातात धरलेली पेन्सिल थोडी हलली, बाहेरचा उजेड कमीजास्त झाला, तर चांगलं यंत्रही तो बदल नाडी समजून आकडा देऊ शकतं.

मग पारख कशी करायची? यंत्र बोटाला लावून स्वस्थ बसा. दुसऱ्या हाताच्या मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा आणि ती यंत्राच्या नाडीशी ताडून पाहा. पडद्यावर नाडीची लाट दिसत असेल तर ती एकसारखी येते का, हे बघा. लाट वेडीवाकडी असताना आलेला आकडा धरू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा यंत्र सोबत न्या आणि त्यांच्या यंत्राशी लागोपाठ तुलना करा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो. बोट गार असेल, नखाला गडद नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, तर आकडा चुकू शकतो. हात चोळून गरम करा किंवा दुसरं बोट वापरा.

गैरसमज: रुग्णालयातलं महागडं यंत्र चुकत नाही

डिसेंबर 2020 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. ऑक्सिमीटरवर 92 ते 96 टक्के दिसत असलेल्या रुग्णांच्या धमनीतलं रक्त त्यांनी तपासलं. कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के नमुन्यांत खरा ऑक्सिजन 88 च्याही खाली होता. गोऱ्या रुग्णांत हेच प्रमाण 3.6 टक्के निघालं. ही यंत्रं रस्त्यावरची नव्हती, रुग्णालयातली होती. त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवतं. यानंतर अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला आणि चाचणीचे निकष कडक करण्याचं काम हाती घेतलं.

आपल्यातल्या सावळ्या आणि गडद वर्णाच्या माणसांशी याचा सरळ संबंध आहे. त्यांच्या बाबतीत 93 हा आकडा 'ठीक आहे' म्हणून सोडून देता येत नाही. सकाळी 98, दुपारी 95, संध्याकाळी 93 अशी उतरण लागली असेल, तर ती उतरण कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त सांगते.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती जीवघेणी आहे. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, बंद खोलीत चालवलेला जनरेटर, यांतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि बोटाला लावायच्या नेहमीच्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. माणूस बेशुद्ध पडलेला असतो आणि पडद्यावर 99 असतं. अशा वेळी ऑक्सिमीटर शोधत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि रुग्णवाहिका बोलवा.

गैरसमज: दहा लिटरचं कॉन्सन्ट्रेटर पाच लिटरच्या भावात मिळतंय, सोडू नका

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातलं झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि उरलेला, जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन नळीत येतो. चांगलं यंत्र त्याच्या पूर्ण प्रवाहालाही साधारण 93 टक्के ऑक्सिजन देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक निकषांनुसार हे प्रमाण 82 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

2021 च्या दुसऱ्या लाटेत 'एक ते सात लिटर' असं लिहिलेली छोटी यंत्रं मोठ्या संख्येने विकली गेली. त्यातल्या अनेकांच्या माहितीपत्रकातच खरी गोष्ट छापलेली होती. एक लिटरला 90 टक्क्यांहून जास्त, सात लिटरला 30 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रवाह वाढवला की रुग्णाला मिळायची जवळपास साधी हवाच. घरच्यांना वाटायचं, काटा सातवर आहे, आता चिंता नाही. सगळ्या स्वस्त यंत्रांत मला सर्वांत धोकादायक वाटतं ते हे, कारण ते बंद पडत नाही, चालूच राहतं आणि खोटा धीर देतं.

म्हणून लिटर विचारून थांबू नका. 'पूर्ण प्रवाहाला किती टक्के?' हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शुद्धता कमी झाल्यावर वाजणारा अलार्म आहे का, हे पाहा. पाच लिटरच्या यंत्राला साधारण 300 ते 400 वॅट वीज सतत लागते. त्यामुळे भारनियमन असलेल्या गावात इन्व्हर्टर किंवा राखीव सिलिंडर नसेल, तर उत्तम यंत्रही अपुरं. कोकणातल्या दमट हवेत झिओलाइट लवकर खराब होतं, तेव्हा फिल्टर वेळच्या वेळी धुणं आणि यंत्र बंद कपाटात पडू न देणं फार महत्त्वाचं. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, उदबत्ती किंवा बिडी-सिगारेट नको.

हवाबंद डब्यातल्या ऑक्सिजनचं तर गणित दोन ओळींत संपतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या हलक्या डब्यांत साधारण सहा ते बारा लिटर वायू असतो. मिनिटाला पाच लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो सव्वा ते अडीच मिनिटंच पुरेल. सुमारे दीड हजार लिटरचा बी टाइप सिलिंडर त्याच वेगाने पाच तास जातो.

कधीतरी लागेल म्हणून कॉन्सन्ट्रेटर विकत घेण्यापेक्षा जवळचं रुग्णसाहित्य केंद्र शोधा. महाराष्ट्रात अनेक गावांत संस्था आणि मंडळं अनामत रक्कम घेऊन अशी यंत्रं वापरायला देतात. घेताना यंत्रावरचा तासांचा मीटर बघा आणि शेवटची देखभाल कधी झाली ते विचारा.

गैरसमज: यंत्र चांगलं असलं की पुरे

रक्तदाबाचं यंत्र घ्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं, की सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्या माणसाला नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला, तर वरचा रक्तदाब सरासरी 19.5 अंकांनी जास्त येतो. यंत्र तेच, फक्त पट्टा चुकीचा. 125 चा माणूस 145 चा दिसतो आणि त्याला नको ती गोळी सुरू होते. खोक्यात येतो तो मध्यम पट्टा. दंडाचा घेर टेपने मोजून दुकानात जा. त्या मॉडेलची स्वतंत्र चाचणी झाली आहे का, हे 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. पाच हजारांच्या यंत्राचं नाव तिथे नसणं आणि दोन हजारांच्या यंत्राचं असणं, हे होऊ शकतं.

ग्लुकोमीटरचा खर्च आणि दर्जा दोन्ही रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांत असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर 100 च्या खाली असताना 95 टक्के मोजण्या खऱ्या आकड्याच्या 15 अंकांच्या आत आल्या पाहिजेत, आणि 100 किंवा त्यावर 15 टक्क्यांच्या आत. हे गणित कोरड्या, मुदतीतल्या पट्ट्यांचं आहे. मुदत संपत आलेल्या पट्ट्या सवलतीत घेणं, डबी उघडी ठेवणं, मे महिन्यात ती गाडीत विसरणं, यांनी चांगलं यंत्रही खोटं बोलू लागतं. आंबा खाल्लेल्या हाताने तपासलं तर बोटावरची साखरच मोजली जाते.

गैरसमज: फुकट मिळालेल्या यंत्राला काय दर्जा विचारायचा

2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला पीएम केअर्स निधीतून आलेल्या व्हेंटिलेटरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेला. यंत्रं नीट चालत नाहीत, हे रुग्णालयातल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. केंद्राच्या बाजूने दोष रुग्णालयातल्या वापराकडे आणि सुविधांकडे दाखवला गेला, आणि उत्पादकाची पाठराखण होते आहे म्हणून न्यायालयाने नाराजी नोंदवली. तिथे अतिदक्षता विभाग होता, भूलतज्ज्ञ होते, जैववैद्यकीय अभियंते बोलावता येत होते, तरीही हा वाद उभा राहिला. गावातल्या मंडळाला किंवा सोसायटीला भेट मिळालेल्या यंत्रामागे तर यातलं काहीच नसतं.

सोसायट्या आता हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र घेऊ लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. हृदय अचानक थांबल्यावर छातीदाब आणि झटका मिळाला नाही, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. ठोक्यांची लय झटक्याने सुधारण्यासारखी असेल तेव्हाच यंत्र झटका देतं, म्हणून त्याला घाबरण्याचं कारण नाही. पण पॅडना मुदत असते, बॅटरीला आयुष्य असतं, आणि ते कुलूपबंद कार्यालयात ठेवलं तर रात्री उपयोग शून्य. एका यंत्राच्या बजेटमध्ये वॉचमनसह वीस जणांना छातीदाबाचं प्रशिक्षण बसत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. आधी प्रशिक्षण घ्या, यंत्र पुढच्या वर्षी.

समितीने कोटेशन मागवताना यंत्राच्या किमतीसोबत पाच वर्षांच्या देखभालीचा, सुट्या भागांचा आणि पट्ट्या-पॅडचा दर मागावा. यंत्र बिघडल्यावर माणूस किती तासांत येईल, हेही लिहून घ्यावं. या बेरजेत सर्वांत कमी दराचं कोटेशन बरेचदा मागे पडतं, आणि कधीकधी सर्वांत महागही.

आणि एक विनंती. समोरचा माणूस धाप लागून वाक्य पूर्ण करू शकत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बोलताना गोंधळत असेल, आणि बोटावरचं यंत्र 97 दाखवत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा. दुसऱ्या बोटाला यंत्र लावून बघण्यात वेळ घालवू नका. 108 लावा.