अपघाताच्या तारखेपासून सहा महिने

सकाळी ८
बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघतो. याच महामार्गावर लोणी-मूर्तिजापूर दरम्यान एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात नोंदलं गेलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली. विक्रम सगळ्यांना ठाऊक, मुदत थोड्यांनाच.

सकाळी ११
अकोल्याचं अपघात-दाव्यांचं न्यायाधिकरण. एका दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी मुदतीची हरकत घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मुळात सहा महिन्यांचीच मुदत होती. १९९४ मध्ये ती काढली आणि पुढची सत्तावीस वर्षं उशिरा आलेला दावाही दाखल व्हायचा. घरातली जाणती माणसं अजून तेच सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत परत आणली, ती लागू झाली २०२२ मध्ये. तिला आव्हान देणाऱ्या याचिकांत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश दिला: त्या प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून दावा फेटाळू नये. हा आदेश मी पुढे ठेवतो. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी घरी बसू नये.

दुपारी २
मूर्तिजापूरकडचं जोडपं येतं. नवरा कुबडीवर, बाईंच्या हातात एक्स-रेची पिशवी.
“ताई, अपघात कधीचा?”
“आखाडीच्या आदल्या दिवशीचा, सायेब. याहीच्या पायात रॉड टाकला. दिवाई बी दवाखान्यातच झाली. पाय बरा झाला की केस करू म्हटलं.”
मुदत पाय बरा झाल्यापासून मोजत नाहीत, अपघाताच्या दिवसापासून मोजतात. सहा महिने भरत आलेत. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं आहेत. अपंगत्वाचा दाखला नाही, तो नंतर जोडता येतो. वकीलपत्रावर सही घेतो.

दुपारी ४
पोलीस ठाण्यात फोन. पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याची प्रत मागतो. धडक देणाऱ्या ट्रकची विमा पॉलिसी त्यातच सापडेल.

संध्याकाळी ७
अमरावतीत दुपारच्या जोडप्याचा अर्ज लिहायला बसतो. माणूस शेतमजूर, पगारपत्रक नाही. म्हणून रोजची मजुरी, हंगामातलं काम, बुडालेले महिने असं एकेक लिहून काढतो. भरपाई याच आकड्यांवर ठरते.

रात्री ९
शेवटचा फोन एका मुलाचा. वडिलांना उडवून गाडी पळाली, नंबर कुणी पाहिला नाही. अशा मृत्यूसाठी सरकारी योजनेत दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयात करायचा.

वाचकहो, घरात अपघात झाला तर उपचार चालू असतानाच एका माणसाने एफआयआरची प्रत घेऊन वकिलाकडे जावं. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. आधी अर्ज दाखल करा, राहिलेले कागद मागून द्या.