गिलाव्याआधीचा दिवस

सकाळी साडेसहा. महाशिवरात्रीची जत्रा तीन आठवड्यांवर आली. मार्कंड्यात त्या दिवसांत एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही, म्हणून मधल्या खोलीची भिंत त्याआधी उभी व्हायला हवी. काल तिचा जुना गिलावा पाडला. उरला तो नुसता सांगाडा : सागाचे चार खांब, वर मयाल, मधे बांबूच्या कमच्यांचा कुड. सगळ्यावर बोटभर धूळ. आज गिलावा नाही, फक्त धूळ काढायची.

सात. आईची खाट आणि धानाची पोती सपरीत हलवली. स्वयंपाकघराच्या दारावर ओलं गोणपाट टांगलं. वैनगंगेकडून वारा सुटायच्या आत निम्मं काम उरकायचं, नाहीतर काढलेली धूळ परत घरातच.

आठ. मी खाली बसून खराटा चालवत होतो, तेवढ्यात सुतारभाऊ आले. ‘‘खालून कायले झाडता जी? वरून या.’’ खरं आहे. मयालावरची धूळ शेवटी पुन्हा पायथ्याशीच पडणार होती. खराटाही त्यांनी बाजूला ठेवायला लावला, कारण तो धूळ काढत नाही, उडवतो. मऊ कुंचा एका हातात, चामोर्शीहून आणलेल्या व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या हातात. कुंच्याने सैल करायची, नळीने लगेच ओढायची.

तोंडाला दुपट्टा पुरत नाही. मातीच्या धुळीत सिलिका असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. फुप्फुसात खोल जाऊन बसणारे कण ४ मायक्रॉनहून लहान. ते दुपट्ट्यातून सहज आत जातात, आणि वर्षानुवर्षं अशा धुळीत काम करणाऱ्याला सिलिकोसिस होऊ शकतो, जो बरा होत नाही. एन-९५ मास्क घातल्याशिवाय आज कुणालाही आत येऊ दिलं नाही. काकू रागावल्या, चालेल.

दहा. धूळ निघाली आणि लाकूड बोलायला लागलं. दुसऱ्या खांबावर मातीची बारीक वाट वर चढलेली : उधई. पण तिने खाल्लं ते फक्त बाहेरचं पांढरं लाकूड. पटाशीने ते तासलं, तर आत गाभा तांबूस आणि टणक. सागाच्या गाभ्यातलं तेल उधईला मानवत नाही. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला, तो आमच्याच चांदा-गडचिरोलीच्या जंगलातला. कमच्यांची गोष्ट वेगळी. बांबूत पिष्ट असतं, त्यावर भुंगा जगतो. कुठे पिठासारखी भुकटी दिसली की ती कमची दाबून पाहायची. अकरा कमच्या बोटाने मोडल्या. धुळीसकट लिंपून टाकलं असतं तर हे कळलंच नसतं.

एक. जेवण, वरण-भात.

दोन. पिळून घेतलेल्या फडक्याने खांब पुसले. बादलीने पाणी मारलं की ओल कुडात मुरते आणि बुरशी धरते. फडकं तीनदा काळं झालं, चौथ्यांदा कोरं निघालं, तेव्हाच थांबलो. सुतारभाऊंनी नव्या कमच्या विणल्या.

साडेचार. पाडलेली माती फेकली नाही. चाळून, धानाची तणस घालून भिजत टाकली.

चार वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला आम्ही घाईने धुळीवरच गिलावा चढवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो पापुद्र्यांनी सुटला. या भिंतीचा गिलावा उद्या सकाळी सातला सुरू होईल.