'क्रोध', 'कोप' आणि 'करुणा' : मराठी ख्रिस्ती काव्यातील एक शब्दसमस्या

ईश्वरी कोपाची ख्रिस्ती कल्पना मराठीत आणताना पहिली अडचण उद्भवते ती तत्त्वज्ञानाची नव्हे, शब्दाची. 'क्रोध' हा षड्रिपूंपैकी एक; तो ईश्वराच्या ठायी कल्पिणे म्हणजे ईश्वराला विकारवश ठरविणे. 'कोप' म्हणावे, तर देवीच्या साथी, नवस आणि बळी हे सारे लोकजीवन त्या शब्दामागोमाग येते. हा कोप नैवेद्याने शमतो. बायबलमधील कोप तसा शमत नाही. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथात जोडाभर पायताणांसाठी दरिद्र्याला विकणाऱ्यांवर परमेश्वर संतापतो आणि त्यांचे सण व अर्पणे झिडकारतो. हा संताप म्हणजे नाडलेल्यांविषयीच्या करुणेचीच दुसरी बाजू होय.

मूळ हिब्रू शब्द या दृष्टीने उद्बोधक आहेत. रागासाठी तेथे येणारा 'अफ' हा शब्द नाकाचाही वाचक आहे. 'नाकावर राग असणे' म्हणणाऱ्या मराठी भाषकाला हे नवल वाटू नये! 'दीर्घ नाकाचा' म्हणजे सावकाश रागावणारा. मराठी बायबलातील 'मंदक्रोध' हा शब्द भारदस्त खरा. पण त्यात हे चित्र हरपले. उलट करुणावाचक 'रहमीम' या शब्दाचे गर्भाशयवाचक 'रेहेम'शी नाते सांगितले जाते. त्याच्या जवळ जाणारा शब्द मराठीत आधीपासूनच होता : 'माउली'.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी चार हजारांहून अधिक 'पहिल्या पुराणा'च्या आहेत. सृष्ट्युत्पत्ती, मानवाचे पतन आणि जलप्रलय यांनंतरच तारणाऱ्याचे आगमन, हा क्रम स्टीफन्स राखतात. दुष्टांना शासन करणारा देव पुराणश्रोत्याला नवा नव्हता, त्यामुळे कोपाचे कथन त्या प्रकारात सहज सामावले. करुणेला तेथे पूर्वपीठिका आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाचा मार्ग धरला आणि समतोल पालटला. अभंगपरंपरेत रागावतो तो बहुधा भक्त; नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, आणि विठ्ठल ऐकून घेतो. ख्रिस्ताला माउली म्हणणाऱ्या टिळकांच्या काव्यात ही जवळीक उतरली. त्यामुळे ख्रिस्तभक्ती मराठी झाली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु न्यायासनावर बसणारा देव या रचनेत मागे सरतो. अपराध भक्ताच्या पश्चात्तापातून जाणवतो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्या तिसऱ्या माणसाला भक्त-माउली यांच्या या एकान्तात जागा उरत नाही. क्षमा कोणी कोणाला करावयाची, हा प्रश्न मग अनुत्तरित राहतो. मर्यादा कवीची की प्रकाराची? बहुतांशी प्रकाराची, असे म्हणावे लागते. आत्मनिवेदनाच्या अभंगाकडून संदेष्ट्याच्या गर्जनेची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

वस्तुतः 'माउली' शब्दातही रागाला वाव आहे. एका लेकराने दुसऱ्याला मारले की आई रागावते, आणि ज्याला मार बसला त्याला आधी जवळ घेते. मार्काच्या शुभवर्तमानात वाळलेल्या हाताच्या माणसाचा प्रसंग आहे. शब्बाथाच्या दिवशी तो त्याला बरे करतो की काय हे पाहण्यास टपलेल्यांकडे येशू रागाने पाहतो, त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणाने खिन्न होतो, आणि त्या माणसाला हात पुढे करावयास सांगतो.