स्ट्रीट डान्सची पहिली परीक्षा : कोलांटउडी नंतर, आधी ताल पकडा!

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ हे शब्द पाठ असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा अभ्यासक्रम त्यांच्या ओळखीचा असतो. हिपहॉपच्या क्लासला जाणाऱ्या मुलाने ‘माझी परीक्षा आहे’ म्हटलं, की मात्र घरात प्रश्न सुरू होतात. यात विचारतात काय? आणि दहावीला गुण मिळतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. राज्यात कलेसाठी दहावीला जे वाढीव गुण मिळतात, ते शास्त्रीय नृत्य-गायन-वादन, लोककला आणि चित्रकलेसाठी. स्ट्रीट डान्स त्यात बसत नाही. फी भरण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं.

परीक्षा घेतं कोण?

स्ट्रीट डान्ससाठी एकच सरकारी मंडळ नाही. लंडनमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या ‘इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’सारख्या परदेशी संस्था बॅले, बॉलरूमबरोबर स्ट्रीट डान्सच्याही परीक्षा घेतात. काही क्लास स्वतःच्याच पातळीवर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. म्हणून प्रमाणपत्रावर नाव कुणाचं असेल आणि अभ्यासक्रम लेखी मिळेल का, हे दोन प्रश्न क्लासमध्ये विचारायलाच हवेत.

तपासतात काय?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या ‘द किंग्ज’ने २०१९मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकली, २०२०मध्ये मुंबईच्या ‘व्ही अनबीटेबल’ने ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ जिंकली. ते व्हिडीओ पाहून मुलं थेट हवेतल्या उड्यांच्या मागे लागतात. पहिल्या पातळीच्या परीक्षेला त्या लागत नाहीत. तिथे साधारणपणे पाहतात ते बाऊन्स आणि रॉक, म्हणजे गुडघे आणि छाती तालावर सैल ठेवून हलवणं, काही मूळ स्टेप्स, एक बसवलेला छोटा नाच आणि कधी थोडा फ्रीस्टाइल. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही ब्रेकिंगचे गुण पाच निकषांवर होते : तंत्र, हालचालींची विविधता, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःची शैली. नुसत्या उड्या मारून भागत नव्हतं.

‘स्ट्रीट डान्स’ ही एक शैलीही नाही. ब्रेकिंग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं. लॉकिंग आणि पॉपिंग कॅलिफोर्नियातलं. लॉकिंगमध्ये हालचाल अचानक थांबते, पॉपिंगमध्ये स्नायू झटका देतात. परीक्षकाने ‘ही स्टेप कोणत्या शैलीतली?’ विचारलं, तर एवढं तरी सांगता यायला हवं.

रोजचा सराव

गणित सोपं आहे. गाण्याचा वेग मिनिटाला ९६ ठोके असेल, तर आठ मोजायला बरोबर पाच सेकंद लागतात. एका मिनिटाच्या फ्रीस्टाइलमध्ये असे १२ आठ. मोबाइलवर मेट्रोनोम लावून, गाण्याशिवाय, एकच स्टेप १२ वेळा आठ मोजून केली तर ताल कुठे सुटतो ते लगेच कळतं. सरावाचा व्हिडीओ काढावा. आरशापेक्षा तो खरं बोलतो.

जागेची अडचण आपल्याकडे कायमचीच. दोन खोल्यांच्या घरात खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, म्हणून मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर जातात. काँक्रीटवर उड्यांचा सराव मात्र टाळावा, गुडघे आणि घोटे त्याची किंमत मोजतात. बूट सपाट तळाचे, आधी वापरून सैल झालेले असावेत. परीक्षेच्या दिवशी नवे नकोत.

आणि ऐन परीक्षेत स्टेप विसरली तर? बाऊन्स चालू ठेवायचा, पुढच्या ‘एक’ची वाट पाहायची आणि तिथून पुन्हा नाचात शिरायचं. मध्येच थांबून ‘सॉरी सर’ म्हणायची सवय क्लासमध्येच मोडलेली बरी.