आकाशमार्गानें रसद

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या प्रेसिंग कारखान्याच्या आवारांत उभें राहिलें, कीं दाबून बांधलेली कापसाची गाठ केवढी असते, हें सहज दिसतें. आजच्या मापानें तिचें वजन सुमारें १७० किलो भरतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर ज्या डाकोटा विमानांनीं फौजा जगविल्या, त्यांतील एका विमानास अशा पंधरा-सोळाच गाठी उचलतां आल्या असत्या. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील अरुंद रुळांची ‘शकुंतला’सुद्धां आपल्या काळीं एका खेपेंत याहून कितीतरी अधिक माल नेत असे. मग लढाईंत विमानाची एवढी मातबरी कशासाठीं? जेथें रेल्वे नाहीं, सडक नाहीं, किंवा असलेली सडक शत्रूनें अडविली आहे, तेथें तें आपला थोडका बोजा आजच्या आज पोहोंचवितें, एवढ्यासाठीं.

हा बोजा किती थोडका, तें पाहावें. सातशें शिपायांची एक पलटण घेतली आणि दर माणसामागें दिवसाला दीड किलो शिधा धरला, तर एक टनाहून थोडें अधिक वजन होतें. पाणी माणशीं चार लिटर धरलें, तर एक संपूर्ण डाकोटा निव्वळ पाण्यानेंच भरून जातें. दारूगोळा, औषधें, तारायंत्राच्या बॅटऱ्या यांचा हिशेब अजून व्हावयाचाच आहे.

माल पोहोंचविण्याच्या रीती तीन. विमान खालीं उतरूं शकलें तर उत्तमच. तें परततांना जखमींनाही घेऊन येतें. उतरण्यास जागा नसेल तर हवाई छत्रीनें पेट्या सोडावयाच्या. तिसरी रीत अगदीं घरगुती वाटेल अशी आहे. तांदूळ किंवा आटा एका पोत्यांत भरून तें पोतें दुसऱ्या सैल पोत्यांत घालावयाचें आणि विमान अगदीं खालीं आणून तें छत्रीशिवायच लोटून द्यावयाचें. आंतलें पोतें फुटतें, बाहेरचें धान्य सांभाळतें.

या रसदीनें युद्धाची रीत कशी पालटली, तें फेब्रुवारी १९४४ मध्यें आराकानांत दिसलें. तोंवर जपान्यांची युक्ति ठरलेली असे. जंगलांतून वळसा घालून पिछाडीची सडक तोडावयाची, कीं पुढची फौज उपासमारीच्या भयानें आपण होऊन माघार घेई. या खेपेस सातवी हिंदी डिव्हिजन वेढली गेली, तरी जनरल स्लिम यांच्या योजनेप्रमाणें ती जागची हलली नाहीं. तिचें अन्न आणि दारूगोळा आकाशांतून येत राहिला. शत्रूचे साठे लुटून पोट भरावें, हा जपान्यांचा बेत फसला आणि उपासमार त्यांच्याच वांट्यास आली. सुमारें तीन आठवड्यांनीं वेढा उठला.

याच सुमारास हवाई छत्र्यांचा तुटवडा पडला. तेव्हां कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांना हाताशीं धरून स्लिम यांच्या अधिकाऱ्यांनीं तागाच्या छत्र्या करविल्या. नेहमींच्या छत्रीस वीस पौंडांहून अधिक खर्च येई. ही एका पौंडाच्या थोडी वर पडे. माणसांसाठीं मात्र ती वापरीत नसत.

तथापि आकाशांतून माल सोडणें म्हणजे तो आपल्या माणसांच्या हातीं पडणें नव्हे. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत मणिपुरांतील सांगशाक येथें ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीस आलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण एका टेकडीवर वेढली गेली. ही ब्रिगेड छत्रीधारी खरी; पण येथें ती पायदळ म्हणून लढत होती. टेकडीवर पाण्याचा झरा नव्हता आणि सभोंवार लावण्यास कांटेरी तारही नव्हती. जागा कांहीं शें यार्ड लांबरुंद. आतां विमानाचा वेग ताशीं १२० मैल धरला, तर तें एका सेकंदांत पन्नासाहून अधिक मीटर पुढें जातें. पेटी लोटणाराचा हात दोन सेकंद रेंगाळला, तरी शंभर मीटरांची चूक होते. शिवाय २०० मीटर उंचीवरून छत्री खालीं येण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यांत साधा वारा तिला आणखी दीड-दोनशें मीटर वाहून नेतो. सांगशाकला पुष्कळशा पेट्या अशाच जपान्यांच्या हातीं पडल्या. तहानलेल्या शिपायांना आपलीच रसद शत्रूकडे उतरतांना पाहावी लागली. २६ मार्चच्या रात्रीं त्यांनीं टेकडी सोडली. पण त्यांनीं जपान्यांचे जे दिवस खाल्ले, ते पुढें कोहिमा आणि इंफाळच्या कामीं आले.

विमान उतरविण्याचा मार्ग सुद्धां धावपट्टी आपल्या हातीं असेल तेव्हांच. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय शिखांची पहिली पलटण घेऊन दिल्लीहून निघाले. खाजगी कंपन्यांचीं डाकोटा विमानेंही त्या कामीं लावलीं होतीं. श्रीनगरची पट्टी शत्रूनें घेतली असल्यास जम्मूस उतरावें, अशी सूचना होती. पट्टी मोकळी मिळाली. नसती तर काश्मीरच्या खोऱ्याचा इतिहास निराळा झाला असता.

आतां टांगाइल. ११ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळीं पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण तेथें उतरली. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी; १९४४ सालीं इटलींत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे याच पलटणींतले. मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पुंगलीच्या पुलावर अडवावयाची, हें तिचें काम. वणीहून चंद्रपुराकडे जाणाऱ्यास वर्धा नदी ओलांडावी लागते, तसाच हा चुकवितां न येणारा पूल होता. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखालचे शिपाई उतरतांना विखुरले. पण सभोंवारचे गांवकरी आपले होते, त्यांनीं सामान गोळा करण्यास हात दिला. पूल ताब्यांत आला. सांगशाकच्या टेकडीवर आणि येथें फरक पडला तो या गांवकऱ्यांमुळें, आणि त्याहून अधिक दुसऱ्या दिवशींच्या घटनेमुळें: १२ डिसेंबरला मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, जमिनीच्या वाटेनें येऊन तिला मिळाली. छत्रीनें उतरलेली फौज पाठीवर बांधून आणलेल्या दारूगोळ्यावर फार तर कांहीं दिवस तग धरते. ही भेट लांबती, तर पूल राखणें अवघड झालें असतें. १६ डिसेंबरला हीच छत्रीधारी पलटण ढाक्यांत शिरली.

आज भारतीय वायुदलाचें सी-१७ विमान ७७ टनांपर्यंत बोजा उचलतें. कापसाच्या साडेचारशें गाठी म्हणा ना. सी-१३०जे विमान २० ऑगस्ट २०१३ रोजीं लडाखांतील दौलत बेग ओल्डी येथें, १६,६०० फुटांहून उंच असलेल्या पट्टीवर उतरलें. मात्र एवढ्या उंचीवर हवा विरळ, पंखांना आधार कमी आणि इंजिनाचें बळही उणें. म्हणून बोजा कमी ठेवावा लागतो. सियाचेनच्या वरच्या चौक्यांवर तर चीता हेलिकॉप्टर एका खेपेस थोड्या किलोंचाच माल नेतें, आणि पुढच्या खेपेसाठीं पुन्हां खालीं येतें.